जिवाणूच्या पेशीत डीएनएची वाटणी कोण करतं? पार-एम तंतूंविषयी सविस्तर

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्या लिहितात: "अकरावी-बारावीला पेशीविभाजन शिकवताना तर्कूतंतू गुणसूत्रांना दोन ध्रुवांकडे ओढून नेतात असं आम्ही सांगतो. जिवाणूत केंद्रक नाही आणि तर्कूही नाही. मग पेशी दुभंगताना दोन्ही बाजूंना डीएनए जाईल याची खात्री कोण देतं? काही प्रथिनं तंतू तयार करून डीएनए ढकलतात असं वाचलं, ते खरं का? आणि यातलं काही वर्गात दाखवता येईल का?"

खरं आहे, पण एक दुरुस्ती आधीच करून घेऊ. तंतूंनी डीएनए ढकलण्याचा सर्वांत नीट उलगडलेला प्रकार जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राचा नाही, प्लास्मिडचा आहे. प्लास्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेरचा, स्वतःची नक्कल स्वतः सुरू करणारा, बहुधा वर्तुळाकार डीएनए. गुणसूत्राची वाटणी वेगळ्या मार्गाने होते. या दोन गोष्टींची सरमिसळ मी उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षं पाहत आलो आहे, म्हणून ही रेघ सुरुवातीलाच ओढतो. गुणसूत्राकडे शेवटी येऊ. आधी प्लास्मिडबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझं बरंचसं आयुष्य ही प्रथिनं शुद्ध करण्यात गेलं आहे आणि ही यंत्रणा जितकी पाहावी तितकी मला अधिक सुंदर वाटत आली आहे.

जागेची अडचण किती आहे ते आधी बघा. ई. कोलाय या जिवाणूची पेशी साधारण २ मायक्रोमीटर लांब असते. तिच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेसजोड्या आहेत आणि ते सरळ ताणलं तर १.६ मिलिमीटर भरेल, म्हणजे पेशीच्या लांबीच्या ८०० पट. नऊवारी लुगडं जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या डबीत कोंबावं, असं हे प्रमाण आहे. डबीत असतानाच त्या लुगड्याची दुसरी प्रत विणायची, गाठ न पडू देता दोन्ही वेगळी करायची, मग डबी मधोमध कापायची. भरपूर अन्न असेल तर हे सगळं दर वीस मिनिटांनी.

१९६३ साली फ्रान्स्वा जाकोब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्यूझाँ यांनी एक सोपी कल्पना मांडली. डीएनएच्या दोन्ही प्रती पेशीच्या पटलाला चिकटलेल्या असतील, त्या दोन ठिकाणांच्या मधलं पटल वाढेल आणि प्रती आपोआप लांब जातील. कल्पना देखणी होती आणि पुढे बराच काळ जिवाणूंबद्दल बोलताना तीच पुढे केली जायची. जिवाणूत ॲक्टिन किंवा ट्युब्युलिनसारखं (आपल्या पेशींत तंतू आणि सूक्ष्मनलिका बनवणाऱ्या प्रथिनांसारखं) काही नसतंच, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते.

आता प्लास्मिडची बाजू. प्रयोगशाळेत रोज वापरतो ते छोटे प्लास्मिड एका पेशीत शेकड्यांनी असतात. त्यांना वाटणीची यंत्रणा लागत नाही. पेशी दुभंगताना प्रत्येक प्रत डावीकडे पडेल की उजवीकडे हे नाणेफेकीसारखं धरलं, तर शेकडो नाणी एकाच बाजूने पडणं जवळपास अशक्य. पण मोठ्या प्लास्मिडना हा थाट परवडत नाही. एक लाख बेसजोड्यांचा प्लास्मिड शंभर प्रतींत ठेवायचा तर पेशीला आपल्या गुणसूत्राच्या दुपटीहून जास्त डीएनए निव्वळ पाहुण्यासाठी बनवावा लागेल. म्हणून असे प्लास्मिड चार-पाच प्रतींवर भागवतात.

समजा विभाजनाच्या वेळी पेशीत चार प्रती आहेत आणि वाटणी नशिबावर सोडली आहे. चारही प्रती एकाच बाजूला जाण्याची शक्यता आठात एक. म्हणजे दर आठ विभाजनांत सरासरी एकदा एक लेक-पेशी रिकाम्या हाताने बाहेर पडणार. वीस पिढ्यांनंतर प्लास्मिड असलेल्या पेशी जेमतेम २७-२८ टक्के उरतील. रोज ताज्या माध्यमात हजारपट पातळ करून कल्चर वाढवलं, तर वीस पिढ्या म्हणजे दोन दिवस. आणि हा हिशोब दयाळू आहे, कारण प्लास्मिडचं ओझं नसलेल्या पेशी थोड्या वेगाने वाढतात, तो फरक यात धरलेलाच नाही.

प्रत्यक्षात असं होत नाही. आपल्या गोष्टीचा नायक आर-१ नावाचा प्लास्मिड आहे. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये नेओमी दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून तो पुढे आला, साल्मोनेला जिवाणूतून. ॲम्पिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि सल्फा औषधं अशा पाच प्रकारच्या औषधांना दाद न देण्याची जनुकं त्याच्यावर एकत्र आहेत. आकार एक लाख बेसजोड्यांच्या आसपास, प्रती मोजक्या. तरीही अँटिबायोटिकचा धाक नसतानासुद्धा तो पिढ्यानपिढ्या टिकतो. रुग्णालयांत औषधं निकामी होण्यामागे असे चिवट प्लास्मिड किती मोठं कारण आहेत, हे वेगळं सांगायला नको. म्हणून ही चिकाटी कुठून येते हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही.

डेन्मार्कमध्ये केन गेर्डेस आणि सोरेन मोलिन यांनी १९८०च्या दशकात याचा छडा लावायला सुरुवात केली. आर-१वर दोन स्वतंत्र बंदोबस्त सापडले. पहिला क्रूर आहे. होक नावाचं विष आणि त्या विषाची निर्मिती दाबून ठेवणारा सोक नावाचा आरएनए, दोन्ही प्लास्मिडच बनवतो. सोक लवकर मोडतो, होकचा संदेश टिकाऊ असतो. प्लास्मिड न मिळालेल्या लेकीत सोक संपतो, नवा बनत नाही, आणि वारशात आलेल्या संदेशावरून विष तयार होऊन ती मरते. थोडक्यात, वाटणी चुकली तर साक्षीदारच उरत नाही. दुसरा बंदोबस्त म्हणजे वाटणी मुळात चुकू न देणं, आणि तुमचा प्रश्न त्याबद्दल आहे.

हा दुसरा बंदोबस्त तीनच भागांचा आहे. पार-सी हा प्लास्मिडवरचा डीएनएचा एक पट्टा, त्यात ११ बेसजोड्यांचा एक तुकडा दहा वेळा येतो, पाच-पाचच्या दोन गटांत. पार-आर हे प्रथिन त्या पट्ट्याला चिकटून बसतं. पार-एम हे तंतू बनवणारं प्रथिन, ३२० अमिनो आम्लांचं. पार-सी म्हणजे प्लास्मिडचा गुणसूत्रबिंदू, पार-आर म्हणजे त्यावर बसवलेली मूठ, पार-एम म्हणजे त्या मुठीत येणारी काठी. विद्यार्थ्यांनी जुने शोधनिबंध वाचले तर नावांनी गोंधळतील, म्हणून सांगून ठेवतो: आर-१वरच्या या सगळ्या भागाला पूर्वी पार-ए म्हणत, आणि आर-१०० या दुसऱ्या प्लास्मिडच्या अभ्यासात पार-एमच एसटीबी-ए या नावाने येतो. आज पार-ए म्हटलं की वेगळंच प्रथिन अभिप्रेत असतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

१९९२ मध्ये पिअर बोर्क, क्रिस सँडर आणि आल्फोन्सो व्हॅलेन्सिया यांनी निव्वळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून भाकीत केलं की या प्रथिनाची घडी ॲक्टिनसारखी असावी. क्रमातलं साम्य इतकं तुटपुंजं की सहज नजरेला येऊ नये. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, गेर्डेस यांचा गट आणि केंब्रिजमधले यान ल्यॉवे यांचा गट यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पार-एमची स्फटिकरचना खरोखर ॲक्टिनच्या घडीची निघाली, आणि ते एटीपीच्या (पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) साथीने दुपेडी तंतू बनवतं. आपल्या स्नायूंतल्या ॲक्टिनचा पीळ उजवा असतो, पार-एमचा डावा. पण प्रथिनाची घडी तीच आणि एटीपी धरायची खाचही तीच. जिवाणूत पेशीकंकाल, म्हणजे प्रथिनतंतूंचा सांगाडा, नसतो हे वाक्य तोवर दोन्ही बाजूंनी मोडीत निघालं होतं, कारण ट्युब्युलिनचा नातेवाईक एफटीएस-झेड विभाजनाच्या जागी कडं करतो हे १९९१ पासून माहीत होतं आणि ॲक्टिनचा दुसरा नातेवाईक एमआरई-बी २००१ मध्ये पुढे आला होता.

आता जरा प्रयोगशाळेत या. शुद्ध पार-एम क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक चौकोनी नळीत घेतो, मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्ये. द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. फ्लुओरोमीटरमध्ये नव्वद अंशांतून विखुरलेला प्रकाश मोजत राहायचं; तंतू बनले की प्रकाश जास्त विखुरतो. रेषा सपाट चाललेली असते. मग एटीपीचा एक थेंब टाकून दोनदा पिपेट वर-खाली करायचं आणि झाकण लावायचं. झाकण लावेपर्यंत रेषा वर चढलेली असते. ॲक्टिनसोबत हाच प्रयोग केला तर आधी रेंगाळणारा काळ येतो, कारण तीन-चार रेणू एकत्र येऊन बीज तयार व्हायला वेळ लागतो. पार-एम थांबतच नाही. काही वेळ रेषा वरच राहते आणि मग, कुणी हात लावलेला नसताना, खाली यायला लागते. एटीपी संपत आलेलं असतं. पुन्हा थेंब टाका, पुन्हा चढते. पहिल्यांदा ही उतरती रेषा पाहिली तेव्हा मला वाटलं प्रथिन खराब झालं, आणि मी ते सगळं फेकून नव्याने शुद्धीकरण केलं. आठवडा गेला. त्या उतरत्या रेषेतच सगळं मर्म आहे हे नंतर कळलं. विद्यार्थ्यांना मी आता ती रेषा पूर्ण उतरेपर्यंत बसवून ठेवतो.

ते मर्म सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या इथन गार्नर, क्रिस्टोफर कॅम्पबेल आणि मलिन्स यांनी २००४ मध्ये नेमकं पकडलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तंतू पाहून त्यांनी तीन गुण सांगितले. पार-एमचे तंतू आपोआप सुरू होण्याचा वेग ॲक्टिनच्या सुमारे ३०० पट. तंतू दोन्ही टोकांनी सारख्याच वेगाने वाढतात, ॲक्टिनसारखं एक टोक जलद आणि एक मंद असं नाही. आणि तिसरा गुण सर्वांत मोलाचा: तंतू वाढता वाढता अचानक कोसळतात. नव्याने जोडलेले रेणू एटीपी धरून असतात, जुन्यांतलं एटीपी मोडून एडीपी झालेलं असतं. टोकाशी एटीपीवाल्यांची टोपी आहे तोवर तंतू उभा राहतो. टोपी गळाली की पूर्ण तंतू काही सेकंदांत सुटा होतो. हा गुण त्याआधी आपल्या पेशींतल्या सूक्ष्मनलिकांचा म्हणून ओळखला जायचा. म्हणजे घडी ॲक्टिनची आणि वागणं ट्युब्युलिनचं.

मोडून पडण्यासाठी इतकं एटीपी का जाळायचं? विहिरीत बादली पडली की दोराला गळ बांधून काय करतो ते आठवा. आत काही दिसत नाही. गळ सोडायचा, फिरवायचा, काही लागलं नाही की वर ओढून पुन्हा सोडायचा. पेशीलाही प्लास्मिड कुठे आहे ते दिसत नाही. पेशीभर छोटे तंतू उगवतात, थोडे वाढतात, काही हाती लागलं नाही तर मोडतात, आणि सुटे झालेले रेणू दुसऱ्या दिशेच्या प्रयत्नाला मोकळे होतात. एकदा उगवलेला तंतू कायमचा राहिला असता तर सगळं पार-एम निरुपयोगी काटक्यांत अडकून पडलं असतं. पेशीत पार-एमचे सुमारे १५,००० रेणू असतात. एका रेणूमागे तंतू २.४५ नॅनोमीटर वाढतो, म्हणजे पेशीच्या लांबीइतक्या तंतूला साधारण ८०० रेणू पुरतात. भांडवल भरपूर आहे, पण ते फिरतं राहिलं पाहिजे.

मग टिकतो कोण? ज्याची टोकं धरलेली आहेत तो. पार-सीवर बसलेलं पार-आर तंतूचं टोक धरतं आणि कोसळण्यापासून वाचवतं. २००७ मध्ये गार्नर-मलिन्स यांच्या याच गटाने डग्लस वाइबेल यांच्यासोबत केलेला प्रयोग मला या क्षेत्रातला सर्वांत स्वच्छ प्रयोग वाटतो. सूक्ष्म मणी घेतले, त्यांवर पार-सी डीएनए चिकटवला, पार-आर, पार-एम आणि एटीपी घातलं. एवढंच. पेशी नाही, पटल नाही, दुसरं कोणतंही प्रथिन नाही. एकट्या मण्याभोवती छोट्या तंतूंचा झुबका दिसतो, उगवणारा आणि विरणारा. दोन मणी पुरेसे जवळ आले की त्यांच्यामध्ये तंतूंची जुडी पक्की होते आणि ती लांब लांब होत मण्यांना दूर ढकलते. त्यांनी मधल्या जुडीवर लेझरने एक ठिपका विझवला. जुडी वाढत राहिली, विझलेला ठिपका मध्येच राहिला आणि दोन्ही मण्यांपासून त्याचं अंतर वाढत गेलं. म्हणजे नवे रेणू मध्ये कुठे नाही, तर अगदी मण्याशी, पार-आरच्या मुठीतच घुसत होते. जुडी लेझरने तोडली तर उघड्या पडलेल्या टोकांपासून ती विरून गेली. आणि जिवाणूच्या आकाराशी मिळत्याजुळत्या अरुंद खाचेत मणी ठेवले, तर जुडीने आपोआप लांबीची दिशा धरून त्यांना दोन टोकांना नेलं. ध्रुव कुठे आहे हे कुणी सांगावं लागलं नाही. काठी लांब होत असेल आणि खोली अरुंद असेल तर काठी लांबीतच बसणार.

मुठीत रेणू घुसणं ही गोष्ट जरा थांबून समजून घ्या, कारण इथे विद्यार्थी अडतात. विटांच्या रांगेच्या टोकाला कुणी बसला आहे आणि स्वतःच्याच बुडाखाली नवी वीट सरकवतो आहे, असं हे आहे. प्रत्येक विटेसाठी त्याने किंचित उठायला हवं, पण रांग सोडता कामा नये. पार-आरकडे यासाठी एक हात नसून अनेक आहेत. पार-सीवरच्या ओळीत बसल्यावर पार-आरच्या जोड्या वक्र, मळसूत्री रचना करतात आणि प्रत्येकाची शेवटची लवचिक शेपटी तंतूच्या टोकाकडे पोचते. एक शेपटी सुटली तरी बाकीच्या धरून असतात. आपल्या पेशींत फॉर्मिन नावाची प्रथिनं ॲक्टिनच्या वाढत्या टोकाला असंच धरून ठेवतात.

पण एक कोडं उरलं होतं. पार-एमचे सगळे रेणू तंतूत एकाच दिशेला तोंड करून बसतात, म्हणजे तंतूची दोन टोकं रचनेने वेगळी. पार-आरची शेपटी ज्या खाचेत शिरते ती खाच एकाच टोकाला उघडी असते. मग एकाच तंतूच्या दोन्ही टोकांना दोन प्लास्मिड कसे बसणार? दुसऱ्या टोकाला मूठ बसतच नाही, आणि उघडं टोक तर कोसळणार.

उत्तर २०१२ मध्ये आलं, केंब्रिजमध्ये ल्यॉवे यांच्या गटातून. त्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका पी. गायत्री. पुढे पुण्याच्या आयसरमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि जिवाणूंच्या पेशीकंकालावरचं काम तिथे आजही चालतं, हे तुमच्या विद्यार्थ्यांना जरूर सांगा. उत्तर असं: प्लास्मिडना ढकलणारा हा तर्कू एका तंतूचा नसतोच. दोन तंतू उलट-सुलट, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी, असे शेजारी चिकटतात. प्रत्येक तंतूचं मूठ बसणारं टोक आपापल्या प्लास्मिडकडे असतं आणि त्याचं उघडं टोक शेजाऱ्याला बिलगून तग धरतं. एका प्लास्मिडने धरलेला एकटा तंतू तात्पुरता. दुसऱ्या प्लास्मिडकडून आलेला, उलट्या तोंडाचा तंतू भेटला की दोघे एकमेकांना सावरतात, आणि दोन्ही मुठींत रेणू घुसत राहिल्याने प्लास्मिड विरुद्ध दिशांना जातात. समान तोंडाचे दोन तंतू शेजारी आले तर दोन्ही प्लास्मिड एकाच बाजूला गेले असते. उलट्या तोंडाचेच जुळतात, म्हणून वाटणी नेहमी दोन दिशांना होते. २०१५ मध्ये तन्मय भारत आणि सहकाऱ्यांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या तंतूंची आणि जुडीची रचना आणखी बारकाईने दाखवली. त्याआधी २००९ मध्ये जीन साल्ये यांनी गोठवलेल्या पेशींच्या पातळ कापांत हे तंतू थेट पाहिले होते, तीन ते पाच तंतूंच्या लहान जुड्यांमध्ये.

जिवंत पेशीत हा खेळ एकदाच होऊन थांबत नाही. दोन प्लास्मिड ढकलून ध्रुवांशी पोचले की तंतूला वाढायला जागा उरत नाही, जुडी मोडते, प्लास्मिड सुटतात, भटकतात, पुन्हा जवळ आले तर पुन्हा ढकलले जातात. पेशी कधी दुभंगणार याचं वेळापत्रक या यंत्रणेला लागत नाही. वरचेवर ढकलत राहिलं की मधली भिंत कधीही पडो, दोन्ही बाजूंना माल असतोच.

चमकणाऱ्या प्रथिनांची चित्रं पाहताना मात्र सावध राहा. तंतू बनवणाऱ्या प्रथिनाला चमकणारं शेपूट जोडलं की त्याचं वागणं बदलू शकतं. एमआरई-बी ई. कोलायमध्ये पेशीभर मळसूत्रासारखं पसरतं ही प्रसिद्ध चित्रं बऱ्याच पुस्तकांत आहेत. २०१२ मध्ये स्वुलियस आणि जेन्सन यांनी दाखवलं की ई. कोलायच्या अशा एका बहुवापराच्या वाणात ते मळसूत्र चमकत्या शेपटामुळेच तयार होत होतं. याच एमआरई-बीने गुणसूत्रं हलतात असंही एके काळी म्हटलं जायचं. आज ते पेशीभित्ती कुठे बांधायची याच्याशी जोडलं जातं. वर्गात एमआरई-बीला डीएनए वाटणारं प्रथिन म्हणून शिकवू नका.

पार-एमखेरीज दुसरे प्रकार थोडक्यात. ट्युब-झेड हे ट्युब्युलिनच्या कुळातलं, एटीपीऐवजी त्याच्यासारख्याच जीटीपीवर चालणारं. ते बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या पीबीटॉक्सिस या प्लास्मिडवर आहे. या जिवाणूच्या इस्रायलेन्सिस उपप्रकाराची डासांच्या अळ्यांवर फवारणी आपल्याकडेही करतात, आणि अळ्या मारणाऱ्या विषांची जनुकं याच प्लास्मिडवर असतात. प्लास्मिड हरवला तर फवारा वाया. इथे ढकलणं नाही. ट्युब-झेडचा तंतू एका टोकाने वाढतो, दुसऱ्या टोकाने झिजतो, आणि प्लास्मिड त्या झिजणाऱ्या टोकाला पकडून मागोमाग जातो, चालत्या गाडीचा मागचा दांडा धरल्यासारखा. स्यूडोमोनासवरच्या काही मोठ्या विषाणूंकडे याच कुळातलं फू-झेड असतं, ते विषाणूचा डीएनए पेशीच्या मध्यावर आणून ठेवतं.

आणि पार-ए. एफ आणि पी-१ हे प्लास्मिड आणि कितीतरी जिवाणूंची गुणसूत्रं पार-ए व पार-बी या जोडीवर चालतात. निसर्गात वाटणीची ही पद्धत सर्वांत जास्त पसरलेली आहे. पार-एही तंतू बनवून ओढतं असं बरीच वर्षं मानलं गेलं. आता बहुतेक पुरावा दुसरीकडे झुकतो, आणि मलाही तो पटतो. एटीपी धरलेलं पार-ए गुणसूत्राच्या डीएनएवर गालिच्यासारखं पसरतं. पार-बी चढलेला प्लास्मिड त्यावर बसतो, जिथे बसतो तिथलं पार-ए सुटायला लावतो, मागे रिकामी जागा पडते आणि तो पुढच्या दाट गालिच्याकडे सरकतो. मिझुउची यांच्या प्रयोगशाळेत काचेवर डीएनएचा गालिचा करून हे सरकणं दाखवलं गेलं. तंतू लागतच नाही. म्हणून "जिवाणू तंतूंनी डीएनए वाटतात" हे वाक्य सरसकट लिहू नये.

ई. कोलायच्या स्वतःच्या गुणसूत्राकडे तर पार-ए-पार-बी जोडीही नाही. तिथे नक्कल होताहोताच प्रती वेगळ्या सरकतात, मुक-बी-ई-एफ हे प्रथिनसंकुल डीएनएची वळी घालून ते आटोपशीर ठेवतं, टोपोआयसोमरेज गुंते सोडवतं. भिंत पडण्याच्या जागी एफटीएस-के नावाचा पंप असतो. मध्ये अडकलेला डीएनए तो सेकंदाला हजारो बेसजोड्यांच्या वेगाने आपापल्या बाजूला खेचून घेतो.

वर्गात काय दाखवता येईल, हा तुमचा शेवटचा प्रश्न. औषधरोधक प्लास्मिडचे प्रयोग शाळेत करू नका, त्याला साजेशी सोय असलेली प्रयोगशाळा लागते. त्याऐवजी साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला चार नाणी द्या. छाप म्हणजे डावी लेक, काटा म्हणजे उजवी. सगळ्यांनी एकदाच नाणी टाकायची. सात-आठ जणांची चारही नाणी एकाच बाजूची पडतील. त्यांना उभं करा: यांची एक लेक प्लास्मिडविना गेली. मग वीस नाण्यांचं गणित फळ्यावर करा, उत्तर सव्वापाच लाखांत एक येतं.

त्यानंतर दोन मुलांना झाडूच्या दोन काठ्या द्या. प्रत्येक काठीच्या एका टोकाला चिंधी बांधलेली, तेच मुठीचं टोक. नियम एकच: काठी फक्त चिंधीच्या टोकाशी धरायची, आणि मोकळं टोक कशाला टेकलेलं नसेल तर पाच मोजून काठी खाली टाकायची. दोघं डोळे मिटून काठी आडवी पुढे करतात, पाच मोजतात, टाकतात, उचलतात, दिशा बदलतात. मध्ये मोठं अंतर ठेवा, बाकीची मुलं त्यांना जपतील. कधीतरी दोन काठ्या शेजारी शेजारी भिडतात, एकाची चिंधी इकडे, दुसऱ्याची तिकडे. आता कुणालाच टाकायची गरज नाही. तिथून पुढे दोघांनी काठ्या एकमेकींना घासत ठेवून मागे सरकायचं आणि तिसऱ्या मुलाने त्यांच्या मुठीशी काठीचे तुकडे जोडत जायचं, दोघांच्या पाठी वर्गाच्या समोरासमोरच्या भिंतींना टेकेपर्यंत.